द्राक्षांच्या टेकड्यांतून सायकलने : लांगेचे सहा दिवस आणि त्याआधीचे आठ महिने

जानेवारी २०२४. संक्रांतीला माहेरी गेले होते. दिंडोरी तालुक्यातली आमची बाग, मण्यांत नुकतंच पाणी उतरायला लागलेलं. अप्पा रोज सकाळी ओळीओळीतून फिरून घड हातात धरून बघत होते. धाकटी बहीण पुण्याहून आली होती. मांडवाखाली बसून तिने मला फोनवर एक फोटो दाखवला. डोंगराच्या उतारावर तारांना बांधलेल्या वेली, मधून अरुंद डांबरी रस्ता, रस्त्याच्या कडेला टेकवलेल्या दोन सायकली. म्हणाली, "ताई, आपण इथे जाऊ या. बसने नाही, सायकलने."

मी ५१ वर्षांची, नाशिकला माझं मेडिकल दुकान आहे. ती ४४, पुण्यात आयटीत. दोघींपैकी कोणीच युरोप पाहिला नव्हता. २२ ते २७ सप्टेंबर असे सहा दिवस वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रदेशात, लांगे नावाच्या टेकड्यांतून आम्ही सायकल चालवून आलो. मला भीती वाटत होती ती रस्त्याची, आणि वेळ खाल्ला तो कागदांनी. म्हणून दोन्ही लिहिते, तारखा आणि खर्चासकट.

इटलीतली द्राक्षं म्हटलं की सगळे टस्कनीचं नाव घेतात. तिथला कियांतीचा भाग आम्हीही आधी नकाशावर पाहिला, पण गावागावांतली अंतरं आमच्या मानाने मोठी होती. दिवसाला ३५ किलोमीटरच्या पुढे जायचं नाही हे आमचं ठरलेलं. लांगेत बारोलो, ला मोर्रा, मोंफोर्ते, सेर्रालुंगा, बारबारेस्को ही सगळी गावं अल्बा शहरापासून वीसेक किलोमीटरच्या आत आहेत. २०१४ पासून हा भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि मला तिकडे ओढलं ते नेब्बिओलो या द्राक्षाने. बारोलो आणि बारबारेस्को या दोन्ही वाइन याच एका जातीच्या. घड कोणत्या टेकडीच्या कोणत्या उतारावरचा, यावर तिथे सगळं ठरतं. बागायतदाराच्या घरात वाढलेल्या मला हे डोळ्यांनी बघायचंच होतं.

आम्ही घेतली ती 'सेल्फ-गाइडेड' सहल. म्हणजे कंपनी हॉटेलं ठरवते, सायकल देते, फोनमध्ये रोजच्या मार्गाच्या जीपीएक्स (नकाशावर वाट दाखवणाऱ्या) फाइली देते, आणि सकाळी तुमची बॅग उचलून संध्याकाळच्या हॉटेलवर नेऊन ठेवते. सोबत माणूस नसतो. अडलंनडलं तर एक फोन नंबर. बॅग पाठीवर नसणं ही फार मोठी सोय आहे, त्यासाठी पैसे मोजावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्चमध्ये तिथल्याच एका छोट्या कंपनीशी ईमेलवर बोलून ठरवलं : सात रात्री, नाश्ता, बॅगेची ने-आण आणि बॅटरीवाली सायकल मिळून माणशी १,०९० युरो. तीस टक्के आगाऊ. परदेशी खात्यात पैसे पाठवायला बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो, पॅन लागतं आणि कंपनीचं बिल लागतं. आमच्या शाखेने ही परदेशी सहल धरून त्यावर ५ टक्के टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) घेतला. तो बुडत नाही, आयकर खात्याच्या २६एएस या उताऱ्यात दिसतो आणि रिटर्न भरताना करातून वळता होतो. पण आम्ही आगाऊ रक्कम मार्चमध्ये आणि उरलेली ऑगस्टमध्ये पाठवली, त्यामुळे तो दोन वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत विभागला गेला. जमलं तर एकाच वर्षात पाठवा, हिशेब सोपा राहतो. दुसरं, पाठवताना मधल्या बँकांचं शुल्क कोण भरणार ते फॉर्मवर विचारतात. पहिल्या खेपेला आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही आणि तिकडे १५ युरो कमी पोचले. दुसऱ्या खेपेला 'सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून' यावर खूण केली, पूर्ण रक्कम पोचली.

तयारी फेब्रुवारीपासूनच सुरू केली होती. मी रोज पहाटे गंगापूर धरणापर्यंत जाऊन येत असे, रविवारी त्र्यंबकेश्वर, आणि मे महिन्यात दोनदा पेठ रस्त्याने सावळघाटापर्यंत. नाशिकमध्ये सायकल चालवणाऱ्यांची कमी नाही, पहाटे रस्त्यावर सोबत मिळतेच. एक गोष्ट मात्र उशिरा कळली. नकाशावरचे किलोमीटर बघून दिवस आखू नका, चढाईचे मीटर बघा. लांगेत ३० किलोमीटरच्या दिवसात ६००-७०० मीटर चढ सहज निघतो. सरळ नाशिक-त्र्यंबक रस्त्याच्या हिशेबाने ते दीड-पावणेदोन तासांचं काम वाटतं. तिथे थांबे न धरता साडेतीन तास लागतात. बॅटरीवाली सायकल घेतली याचा मला क्षणभरही पश्चात्ताप झाला नाही.

आता व्हिसा.

शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मे महिन्यात अपॉइंटमेंट शोधायला लागलो तेव्हा दोघींना एका दिवशी, लागोपाठ वेळ मिळेना. तीन आठवडे रोज सकाळी बघत होतो. अखेर १५ जुलै, दुपारी साडेबारा, मुंबई अशी मिळाली. शुल्क मी वहीत ८० युरो लिहून ठेवलं होतं. ११ जून २०२४ पासून ते ९० युरो झालं, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ८,१०० रुपये. व्हिसा-अर्ज केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरिअर वेगळं. जुन्या माहितीवर विसंबू नका, अर्जाच्या आठवड्यात पुन्हा बघा.

बहिणीचं सोपं होतं : नोकरीचं ना-हरकत पत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेचा उतारा, तीन वर्षांची रिटर्न्स. माझं धंद्याचं असल्याने शॉप अॅक्टची नोंदणी, जीएसटीचे कागद, दुकानाच्या आणि माझ्या अशा दोन्ही खात्यांचे उतारे. शॉप अॅक्टचं प्रमाणपत्र मराठीत होतं, म्हणून इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घेतली, ९०० रुपये. उताऱ्यावर बँकेचा शिक्का हवा होता. शाखेने दोनदा "ऑनलाइन चालतो, शिक्का लागत नाही" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी कागदपत्रांची छापील यादीच घेऊन गेले, तेव्हा पाच मिनिटांत काम झालं. यादी छापून जवळ ठेवा, तोंडी सांगून भागत नाही.

प्रवास-विम्यात वैद्यकीय खर्चाचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं असावं लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण अटी वाचताना मला दिसलं की काही पॉलिसींत सायकल चालवताना झालेली दुखापत 'साहसी खेळ' म्हणून वगळलेली असते. दोन कंपन्यांना ईमेलने सरळ विचारलं आणि जिने लेखी "सायकलपर्यटन धरलेलं आहे" असं कळवलं तिची घेतली. आणखी एक : सहलीच्या कंपनीने दिलेल्या पत्रावर माझं वडिलांचं नाव गळालं होतं. पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव लिहून नवीन पत्र मागवलं. सोबतच्या अर्जपत्रात रोजची तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, रात्री कोणतं हॉटेल असा सरळ तक्ता केला. दोन मध्यमवयीन बायका आठवडाभर इटलीत सायकलवर नेमकं काय करणार, हे वाचणाऱ्याला एका पानात कळायला हवं.

१४ जुलैला रात्री ठाण्याला मावशीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी केंद्रात पावणेदोन तास लागले : कागद तपासणी, शुल्क, बोटांचे ठसे, फोटो. त्यानंतर वाट बघणं. या दिवसांत मी दुकानात उभी असायचे आणि दर फोनच्या आवाजाला दचकायचे. तिकिटं काढलेली, आगाऊ पैसे गेलेले, आणि आपल्या हातात काहीही नाही, ही अवस्था फार अवघड असते. २ ऑगस्टला, अठराव्या दिवशी, पासपोर्ट आला. व्हिसा चिकटवलेलं पान उघडताना हात थरथरत होते. तारखा, दिवसांची संख्या, नावाची अक्षरं तिथल्या तिथे तपासून घ्या.

अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. घरचा गणपती विसर्जन करून २० तारखेला रात्री मुंबईहून निघालो. आखातात एक थांबा, मग मिलानचा मालपेन्सा विमानतळ. तिथून रेल्वेने मिलान, मिलानहून तुरिन, तुरिनहून ब्रा मार्गे अल्बा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप घ्यायचा असतो, नाहीतर दंड होतो. संध्याकाळी सात वाजता अल्बाच्या स्टेशनबाहेर पडलो आणि भाजलेल्या हेझलनटचा वास आला. नुटेला बनवणाऱ्या कंपनीचं हे मूळ गाव. आसपासच्या टेकड्यांवर वेली नाहीत तिथे हेझलनटची झाडं असतात.

हॉटेलात पासपोर्ट मागतात, घाबरू नका. राहणाऱ्याची नोंद पोलिसांकडे कळवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, पाच मिनिटांत परत देतात. शिवाय मुक्कामाचा कर वेगळा असतो. आम्ही रात्रीला माणशी दोन-अडीच युरो दिले, बहुतेक ठिकाणी रोख. सुटे जवळ ठेवा.

रविवारी, २२ तारखेला सकाळी साडेनऊला कंपनीचा माणूस सायकली घेऊन आला. सीट बसवून दिली, बॅटरी काढणं-घालणं दाखवलं, अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून ठेवली. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी मला आधी कोणीही सांगितली नव्हती. आपल्या सायकलला पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला असतो. या सायकलींना तो डाव्या हाताला होता. उतारावर सवयीने डावा ब्रेक जोरात दाबला असता तर पुढचं चाक जागीच थांबलं असतं. आम्ही हॉटेलमागच्या मोकळ्या जागेत अर्धा तास नुसतं थांबण्याचा सराव केला. शिवाय वाहतूक उजवीकडून. मी बॅगेतली मायक्रोपोर पट्टी काढली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत "उजवीकडे" लिहिलं आणि दोघींच्या हँडलवर चिकटवली. शेवटच्या दिवसापर्यंत ती पट्टी तिथेच होती. चौक संपून आपण वळतो तोच क्षण धोक्याचा, आणि तेव्हा नजर हँडलवरच असते.

पहिला दिवस सरावाचा ठेवला होता : अल्बा, बारबारेस्को, नेइवे, त्रेइझो आणि परत अल्बा. ३२ किलोमीटर. गावाबाहेर पडल्यावर पहिल्याच चढावर दोन्ही बाजूंना वेली सुरू झाल्या आणि मी उतरले. आमच्याकडे मांडवाखाली किंवा वाय (Y) आकाराच्या सांगाड्याखाली उभं राहायचं आणि वर बघायचं. इथे वेल कमरेपासून डोक्याच्या थोडं वर, भिंतीसारखी सपाट, तारांमध्ये धरलेली. घड गुडघ्याच्या वर एकाच रांगेत. पानांवर निळसर ठिपके होते, मोरचुदाचे. तो रंग मी कुठेही ओळखेन. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारलेल्या पानाचा वाससुद्धा तोच. त्या वर्षी तिथे पाऊस जास्त झाला होता आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाने त्यांनाही छळलं होतं. कितीतरी घडांत तपकिरी, सुकलेले मणी दिसले. घरापासून इतक्या लांब येऊन मी पहिल्यांदा ओळखला तो रोग.

बारबारेस्कोच्या मनोऱ्याखालून तानारो नदी दिसते. नेइवेला पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि स्वयंपाकघरं बंद झाली होती. इथे दुपारचं जेवण साडेबारा ते दोन-अडीच, नंतर संध्याकाळी साडेसातपर्यंत काही नाही. त्या दिवशी आम्ही बॅगेतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि पुढे रोज एक वाजता जिथे असू तिथे जेवायला बसलो.

सोमवारी अल्बा सोडून मोंफोर्तेला जायचं होतं. वाटेत ग्रिन्झाने कावूरचा किल्ला. संयुक्त इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला कावूर तरुणपणी सतरा वर्षं या लहानशा गावाचा महापौर होता. पुढे सेर्रालुंगा, चौदाव्या शतकातला उंच, सडपातळ किल्ला, दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर. तिथून निघताना पाऊस लागला. काढणी सुरू असली की ट्रॅक्टरच्या चाकांनी बागेतली माती रस्त्यावर येते, आणि ती ओली झाली की साबणासारखी होते. उतारावरच्या वळणावर बहिणीची सायकल सरकली. ती कोपरावर पडली. गाडी मागे नव्हती हे नशीब. मी तिला कडेला बसवलं, बोटं हलवून बघितली, खांदा बघितला. हाड ठीक होतं, पण कोपरापासून मनगटाकडे चांगलं खरचटलं होतं आणि त्यात माती गेली होती. ती काही बोलत नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, आजच्या दिवस हळू जाऊ या." मी म्हटलं, रोजच हळू जाऊ.

जखम धुवायला पाणी आणि मलम माझ्याकडे होतं, ड्रेसिंगचं सामान पुरेसं नव्हतं. मोंफोर्तेला पोचलो तर औषधाचं दुकान दुपारचं बंद. हिरव्या क्रॉसखाली दारावर कागद लावलेला असतो, त्यात 'दि तुर्नो' म्हणजे पाळीवर उघडं असलेलं जवळचं दुकान लिहिलेलं असतं. आम्ही सव्वा तास पायरीवर थांबलो. उघडल्यावर आतल्या बाईंना मी खुणेने सांगितलं की मीही हेच काम करते. त्यांनी काउंटरमागे खुर्ची दिली, स्वतः पट्टी बांधून दिली. माझ्या मते सायकलवाल्याने सलाइनच्या छोट्या बाटल्या, निर्जंतुक गॉज आणि रुंद पट्टी स्वतःजवळच ठेवावी. आणि ११२ हा तातडीचा नंबर पाठ असावा.

मंगळवारी पाऊस उघडला. बहिणीचा हात दुखत होता, म्हणून फक्त १८ किलोमीटर. कास्तिल्योने फाल्लेत्तोच्या खालच्या अंगाला एका बागेत काढणी चालली होती, पण ती दोल्चेत्तो या लवकर येणाऱ्या द्राक्षाची. प्लास्टिकचे क्रेट ओळीत मांडलेले, अगदी आमच्यासारखे. कडेला साठीचा एक शेतकरी शेजारच्या नेब्बिओलोच्या ओळीत फिरत होता. घडाच्या खालच्या टोकाचा एक मणी, मग खांद्यावरचा एक मणी तोडून बोटांत दाबत होता. त्याच्या हातात रिफ्रॅक्टोमीटर होता, रसातली साखर मोजायचा. अप्पांच्या खिशात असतो तसाच, काळ्या रबराच्या डोळ्याचा. मी फोनवर भाषांतर लावून सांगितलं की माझ्या वडिलांची भारतात द्राक्षबाग आहे. त्याने मला हाक मारून आत घेतलं, काचेवर रसाचा थेंब टाकला, झाकण मिटलं आणि दुर्बीण माझ्याकडे दिली. उजेडाकडे धरली. निळं वर, पांढरं खाली, मधली रेष २१ वर. आमच्याकडे १८ ब्रिक्स (हेच साखरेचं माप) झालं की काढणीची बोलणी सुरू होतात. त्याने मान हलवली, आकाशाकडे बोट दाखवलं आणि हाताची बोटं दोनदा उघडली. अजून दहा दिवस, पाऊस आला नाही तर.

मी तिथूनच अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे दुपारचे चार वाजले होते, ते ऑक्टोबर छाटणीच्या मजुरांचं बोलणं करून आले होते. "अप्पा, बघा, एका वेलीला एकच काडी ठेवतात. ती वाकवून तारेला बांधतात." अप्पा म्हणाले, "एकच? आणि माल किती काढतात?" बारोलोसाठी हेक्टरी ८ टनांच्या वर द्राक्ष धरायला नियमाने मुभा नाही, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आसपास. आमच्याकडे एकरी दहा टन निघाले तर हंगाम बरा म्हणायचा. अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांना फोन दे." दोघांनी एकमेकांच्या भाषेतला एक शब्दही न कळता मिनिटभर बोलून घेतलं, एकाने मोहोळासारखा घड वर करून दाखवला, दुसऱ्याने आपल्या सांगाड्याची उंची हाताने दाखवली.

त्याच दुपारी एका वाइनरीत वेळ घेतली होती. इथे दारावर जाऊन उभं राहून चालत नाही. आम्ही जुलैमध्येच ईमेल केला होता, माणशी २५ युरो. तळघरात माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी पिंपं. बारोलो बाजारात आणण्याआधी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. रंग फिकट, विटेसारखा, पण तोंडात घेतल्यावर कच्च्या जांभळासारखी जीभ आवळते. मी चव घेऊन भांड्यात थुंकली. तिथे कोणालाच त्याचं वावगं वाटत नाही, भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. दारू पिऊन वाहन चालवण्याचा कायदा तिथे सायकललाही लागू आहे, रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम ही मर्यादा. आणि कायदा नसता तरी त्या उतारांवर मी घोटभरही पोटात जाऊ दिला नसता. बाटल्या घ्यायच्या तर संध्याकाळी हॉटेलवर घ्या.

बहीण शाकाहारी आहे, तिच्यासारख्यांसाठी : 'प्लिन' नावाच्या छोट्या भरलेल्या पास्त्यात बहुतेक वेळा मांस असतं. भाज्यांसोबत येणारी 'बान्या काउदा' शाकाहारी दिसते, पण तिच्यात अँकोवी मासा असतो. तायारिन हा बारीक शेवयांसारखा पास्ता अंड्याच्या पिवळ्या बलकाचा, अंडं चालत असेल तर लोणी आणि सेज घालून मागा. भाजलेल्या सिमला मिरच्या, चीजमधले न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे), हेझलनटचा केक यांवर तिचा आठवडा छान गेला. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" – मांस नको, मासे नको – हे दोन्ही म्हणावं लागतं. नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येतो.

बुधवारी मोंफोर्तेहून बारोलो आणि मग ला मोर्रा. बारोलो गाव तीनशे मीटरवर, ला मोर्रा ५१३ मीटरवर. सकाळी उगीचच मी मोटर पूर्ण जोरावर ठेवली होती, त्यामुळे शेवटच्या चढाला बॅटरी आठ टक्क्यांवर आली आणि दोन किलोमीटर सायकल ढकलत नेली. २४-२५ किलोची सायकल ढकलणं हे चालवण्यापेक्षा जड काम आहे. सपाटीला कमी जोर, चढाला मधला, आणि पूर्ण जोर फक्त अडचणीला, असं पुढे ठरवून टाकलं. दर रात्री बॅटरी खोलीत नेऊन चार्जला लावायची, खाली सायकलला तशीच सोडायची नाही.

गुरुवारी पहाटे सहाला ला मोर्राच्या कठड्यावर गेलो. खाली सगळं खोरं धुक्याने भरलेलं, फक्त टेकड्यांची डोकी आणि एखादा मनोरा वर. धुक्याला इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणतात आणि नेब्बिओलो हे नाव त्यावरूनच आलं असं मानतात. धुकं हळूहळू उतरत गेलं तसे उतार एकेक करून उघडे पडले. कोणता उतार आधी उन्हात येतो ते तिथे उभं राहून दिसत होतं. हिवाळ्यात बर्फ जिथे आधी वितळतं तिथे जुने लोक नेब्बिओलो लावत. उत्तरेच्या अंगाला हेझलनट किंवा रान.

त्याच दिवशी ला मोर्रा आणि बारोलोच्या मधल्या ब्रुनाते बागेत एक लहान देऊळवजा इमारत पाहिली. १९१४ साली बांधलेली, बागेत काम करणाऱ्यांना गारपिटीत आणि वादळात आडोसा मिळावा म्हणून. प्रार्थनेसाठी तिची प्रतिष्ठापना कधी झालीच नाही. पुढे पडून राहिली, आणि १९९९ मध्ये सोल ल्युइट आणि डेव्हिड ट्रेमलेट या कलाकारांनी ती बाहेरून-आतून रंगवली. बाहेर लाल, पिवळे, निळे, हिरवे झगमगीत पट्टे. लोक फोटो काढत होते. मला मात्र गारपीट हा शब्द वाचल्यावर तिथून हलवेना. आमच्याकडे गारा पडल्या की दहा मिनिटांत वर्ष जातं. लहानपणी अशाच एका दुपारी आई आम्हा दोघींना पोत्याखाली घेऊन पंपाच्या खोलीकडे पळाली होती, आणि गारा थांबल्यावर अप्पा बागेत गेलेच नाहीत, खोलीच्या दारात बसून राहिले. बहिणीला ते आठवत नाही, ती फार लहान होती. त्या रंगीत भिंतीला टेकून मी तिला ते सगळं सांगितलं. समोरच्या एका बागेत ओळींच्या दोन्ही अंगांना काळी जाळी सोडलेली होती, घडांच्या पट्ट्यापुरती, वर गुंडाळता येणारी. मी त्या जाळीचे जवळून सात-आठ फोटो काढले. तार कशी ओढली आहे, चिमटे कसे आहेत, खाली कशाने बांधली आहे.

शुक्रवारी वेर्दुनो, रोद्दी, मग नदीकाठाने अल्बा. बहुतेक उतार. सायकली परत दिल्या, माणसाने चाकं तपासली, पडल्याच्या खुणा पाहिल्या आणि अनामत पूर्ण सोडली. एकूण १५६ किलोमीटर.

खर्च माणशी असा झाला : सहल १,०९० युरो म्हणजे १,०१,०००, विमान ५४,०००, व्हिसा सेवाशुल्क-कुरिअरसह १०,९००, विमा २,१५०, आणि जेवण, रेल्वे, वाइनरी, मुक्कामाचा कर मिळून ४२० युरो म्हणजे ३९,०००. सगळं धरून २ लाख ७ हजार. टीसीएस यात धरलेला नाही. साधी सायकल आणि घरगुती मुक्काम घेतला तर यातले तीसेक हजार वाचतील.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माहेरी गेले. गोडी छाटणी, म्हणजे ऑक्टोबरची छाटणी, चालू होती, ओळींत काड्यांचा सडा पडला होता. अप्पांनी हात धुतले, ओट्यावर बसले आणि फोन मागितला. धुकं, किल्ले, आम्ही दोघी सायकलवर, हे सगळं त्यांनी भराभर पुढे सारलं. जाळीच्या फोटोवर थांबले. दोन बोटांनी मोठा करून चिमटा बघितला, मग तार, मग खालची गाठ.

"मीटरला काय भाव पडतो, विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. त्या शेतकऱ्याने अप्पांच्या नावाने स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला होता. तो कागद काढून दिला.